वयात येताना: मुलीशी बोलतो, मग मुलाशी का नाही?

जुळ्यांची_आई

माझी जुळी मुलं येत्या दिवाळीत बारा पूर्ण करतील. एक मुलगी, एक मुलगा. चौथीपर्यंत दोघांची उंची सारखीच होती. आता मुलगी भावापेक्षा चांगली चार बोटं उंच झालीय, कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्यात आणि नुकतीच तिला पाळीही सुरू झाली. तिला सगळं आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. शाळेतून आली, मला सांगितलं, पॅड घेतलं आणि जेवायला बसली.

भाऊ मात्र गप्प झालाय. आई आणि बहीण दार लावून काहीतरी बोलतात एवढं त्याला कळतं. परवा त्यानं सरळ विचारलं, "आम्ही एकाच दिवशी जन्मलो ना? मग ती मोठी झाली आणि मी का नाही?" मला सुचलं तेवढं मी सांगितलं, पण त्याला याचं नीट, सविस्तर उत्तर मिळायला हवं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मुलग्यांना बसवून काही सांगावं लागत नाही, ते आपोआप शिकतात. मला हे अजिबात पटत नाही. 'आपोआप' म्हणजे कुठून? मोबाईलवरून आणि वर्गातल्या मोठ्या पोरांकडून.

मुलींशी पाळीबद्दल बोलायला हवं हे आता बऱ्याच घरांत मान्य झालंय, निदान पॅड कसं लावायचं इतपत तरी. मुलग्याच्या शरीरातही तेवढेच मोठे बदल होतात, त्यालाही भीती वाटते, आणि त्याच्याशी बोलणारं कोणी नसतं. इथे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, मोठ्या मुलांचे आईबाप आहेत. काय होतं, कोणत्या क्रमानं होतं, काळजी कधी करायची, हे मोकळेपणानं लिहा. मुलींबद्दलही लिहा, तिथेही सगळं बोलून झालंय असं नाही.

बालवैद्य_सांगली

ताई, आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्याला सांगा, तुझं शरीर अगदी वेळेवर चाललंय, मुलग्यांची वेळच थोडी पुढची असते. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात. उंची वाढण्याचा सगळ्यात जोराचा काळ मुलींना साडेअकरा-बाराच्या आसपास येतो, मुलग्यांना साडेतेरा-चौदाच्या. त्या काळात मुली वर्षाला साधारण ८ सेंटीमीटर वाढतात, मुलगे ९ ते १०. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच दिसतात आणि दहावीच्या फोटोत मुलगे. मुलग्याला वाढायला दोन वर्षं जास्त मिळतात आणि वाढीचा जोरही जास्त असतो. मोठेपणी पुरुष-स्त्रियांच्या सरासरी उंचीत जो १३ सेंटीमीटरचा फरक दिसतो, तो मुख्यतः यातून येतो.

सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक (हार्मोन) थांबून थांबून सुटू लागतं, पहिल्यांदा मुख्यतः रात्री झोपेत. त्यामुळे पिट्यूटरी ग्रंथी जागी होते, ती एलएच आणि एफएसएच सोडते. ही दोन संप्रेरकं मुलींच्या बीजांडकोशांना आणि मुलग्यांच्या वृषणांना कामाला लावतात. पुढचं बरंचसं काम इस्ट्रोजेन (मुलींमधलं मुख्य संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (मुलग्यांमधलं मुख्य संप्रेरक) यांचं. काखेतले आणि जांघेतले केस, घामाचा वास, चेहऱ्याचा तेलकटपणा यांत मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचाही वाटा असतो, आणि त्या कधीकधी बाकीच्या बदलांच्या आधीच सुरू होतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या शर्टाला घामाचा वास यायला लागला म्हणून घाबरून येणारे पालक मला नेहमी भेटतात.

मुलींमध्ये पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली येणारी छोटी, दुखरी गाठ. ती बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते, आणि आई धावत येते की कॅन्सर तर नाही ना. नसतो. दुसरी बाजू काही महिन्यांत येते. ही गाठ दाबून पाहू नका, मालिश करू नका. मग केस येतात, कंबर रुंदावते, उंची सुटते. पाळीच्या आधी काही महिने पांढरट पाणी जातं, तेही नैसर्गिक आहे. वास, खाज किंवा हिरवट रंग असेल तरच दाखवा. पाळी येते ती स्तनांच्या वाढीला सुरुवात झाल्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी. म्हणजे ती या सगळ्या प्रवासाच्या शेवटाकडची खूण आहे. पाळी आली तेव्हा उंचीचा मोठा टप्पा होऊन गेलेला असतो, त्यानंतर बहुतेकींची उंची आणखी ५ ते ७ सेंटीमीटर वाढते.

मुलग्यांमध्ये पहिली खूण कोणालाच दिसत नाही, कारण ती वृषणांची वाढ असते आणि मुलगा तोवर स्वतः अंघोळ करत असतो. आम्ही ती मोजायला एक माळ वापरतो, तिच्यात १ ते २५ मिलिलिटरचे बारा अंडाकृती मणी असतात. ४ मिलिलिटरचा मणी जुळला की सुरुवात झाली असं समजायचं. त्यानंतर केस, शिश्नाची वाढ, मग उंची, आवाज, आणि मिसरूड सगळ्यात शेवटी. आईबापांना मिसरूड दिसतं तेव्हा 'पोरगा मोठा झाला' असं वाटतं, पण तो तीनेक वर्षं आधीपासून मोठा होत असतो.

सह्यकडा

डॉक्टर, फार उपयोगी लिहिलंत. एक राहिलं ते मी लिहितो, कारण आम्ही त्यातून गेलोय.

माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्यानं एकाएकी पोहायला जाणं बंद केलं. उन्हाळ्यातही बनियनवर बनियन घालायचा. विचारलं की चिडायचा. शेवटी एकदा गाडीवरून जाताना, मी पुढे आणि तो मागे, त्याला माझं तोंड दिसत नव्हतं तेव्हा म्हणाला, "बाबा, मला मुलींसारखं होतंय." त्याच्या एका स्तनाग्राखाली गाठ आली होती, शर्ट घासला तरी दुखायची. वर्गात कोणाच्या तरी लक्षात आलं होतं आणि त्यावरून चिडवणं सुरू झालं होतं. पोरगं किती दिवस एकट्यानं हे सोसत होतं!

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की काही करायचं नाही, जाईल. वर्षभरात गेली. पण ते ऐकल्यावर दवाखान्यातच त्याचा चेहरा जो मोकळा झाला, तो मी विसरू शकत नाही. बापांनो, तुमच्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा. एका वाक्याचं काम आहे.

बालवैद्य_सांगली

अगदी बरोबर. वाढत्या वयातल्या निम्म्याच्या आसपास मुलग्यांना कमी-जास्त प्रमाणात हे होतं. इस्ट्रोजेन मुलग्यांच्या शरीरातही असतं, आणि टेस्टोस्टेरॉन पुरेसं वाढेपर्यंत त्याचा प्रभाव काही काळ दिसतो. बहुतेक वेळा सहा महिने ते दोन वर्षांत जातं. गाठ फार मोठी असेल, स्तनाग्रातून पाणी येत असेल, किंवा मुलगा कसली औषधं वा जिममधली पावडर घेत असेल तर मात्र दाखवा. लठ्ठ मुलांच्या छातीवर नुसती चरबी असते, ते वेगळं. तेही चिडवण्याचं कारण होऊ नये.

आजीबाई_वाई

मी सत्तरीच्या पुढची आहे. आमच्याकडे मुलगी शहाणी झाली की गोडधोड व्हायचं, ओटी भरायची, नवं लुगडं मिळायचं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला कोपऱ्यात बसवायचे. लोणच्याला हात लावू नको, देवघराकडे जाऊ नको, विहिरीवर जाऊ नको, याची यादी सगळ्या बायकांना पाठ होती. रक्त कुठून येतं आणि का येतं हे मात्र एकीनंही सांगितलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला वाटलं होतं की आपल्याला काहीतरी लागलंय आणि आपण मरणार. दोन दिवस ती माडीवर लपून रडत होती.

माझ्या नातीला तिच्या आईनं सगळं चित्र काढून सांगितलं, गर्भाशय कसं असतं, आतलं अस्तर कसं तयार होतं आणि गळून कसं जातं. मी शेजारी बसून ऐकलं. मलाही त्यातलं पुष्कळसं पहिल्यांदाच नीट कळलं. आयांनो, आजीलाही जवळ बसवा. घरात सोवळं-ओवळं पाळणारी आजी असेल आणि तिला यात घेतलं नाही, तर आईनं सांगितलेलं ती संध्याकाळपर्यंत पुसून टाकते.

स्पष्टवक्ता

सगळ्यांचा मान राखून विचारतो. आमच्या वेळी कोणी काही सांगितलं नाही, तरी आम्ही मोठे झालोच ना? दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हे विषय आतापासून घातले तर नको ते कुतूहल वाढणार नाही का? प्रत्येक गोष्टीची वेळ असते. शाळेत विज्ञानात शिकवतातच की.

शाळामास्तर_नंदुरबार

काका, शाळेत कधी शिकवतात ते सांगतो. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मानवी प्रजनन सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये. दहावी म्हणजे पंधरा वर्षं. मुलीला पाळी सुरू होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात, मुलाचा आवाज फुटलेला असतो. २००७ साली शाळांमधल्या किशोरवयीन लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून मोठा वाद झाला आणि आपल्यासह अनेक राज्यांनी तो थांबवला. काही ठिकाणी चांगलं काम सुरू राहिलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारानं तारुण्यभान शिबिरं होतात, मुलं-मुली तिथं सगळं मोकळेपणानं विचारतात. पण साध्या खेड्यातल्या शाळेत हे शिक्षकाच्या हिमतीवर अवलंबून असतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो. वर्गात एक डबा ठेवलाय, त्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. मुलींचे प्रश्न आमच्या ताई घेतात, मुलग्यांचे मी. चिठ्ठ्यांमध्ये काय असतं ते वाचा आणि मग ठरवा की कुतूहल मी निर्माण केलं की ते आधीच होतं. "आवाज असाच फाटका राहणार का?" "एक गोटी खाली आणि एक वर आहे, काही बिघडलंय का?" "मित्राला दाढी आली, मला का नाही?" आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न: "झोपेत चड्डी ओली होते. त्यानं ताकद जाते का? माणूस वेडा होतो का?"

हा शेवटचा प्रश्न ही पोरं कुठून आणतात? एसटी स्टँडच्या मुतारीतल्या भिंतीवरून. 'बचपन की गलतियाँ', 'शर्तिया इलाज', खाली फोन नंबर. कित्येक मुलांना आपल्या शरीराबद्दल मिळालेली पहिली लेखी माहिती हीच असते. मी त्यांना सांगतो: वृषणं काम करू लागली की वीर्य तयार होतं आणि ते कधीकधी झोपेत बाहेर पडतं. बऱ्याच मुलांना होतं, काहींना होत नाही, दोन्ही ठीक. त्यानं अशक्तपणा येत नाही, हाडं झिजत नाहीत, बुद्धी कमी होत नाही, लग्नानंतर अडचण येत नाही. उठायचं, कपडे बदलायचे, धुवायला टाकायचे. एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणंही नेहमीचंच आहे. हे ऐकताना चाळीस पोरांच्या वर्गात जी शांतता असते, तेवढी शांतता मला गणिताच्या तासाला कधी मिळालेली नाही.

तुम्ही न सांगता मोठे झालात, मीही झालो. पण त्या भिंतीवरच्या माणसाकडे पैसे घालवून आलेले माझ्या पिढीतले मित्र मला माहीत आहेत. म्हणून मी बोलतो.

स्पष्टवक्ता

मास्तर, तुमचं लिहिणं विचार करायला लावणारं आहे. ती जाहिरात मीही लहानपणी वाचली होती आणि तिची भीती बरीच वर्षं होती हे खरं. दहावीबद्दल तुम्ही म्हणता ते ध्यानात आलं नव्हतं.

मराठवाड्याचा_मामा

हा धागा पाहिला म्हणून लिहितोय, नाहीतर आम्ही हे कुटुंबाबाहेर फारसं बोललेलो नाही.

माझा भाचा चौदा वर्षांचा, वसतिगृहात राहायचा. एका रात्री झोपेतून उठला, एका वृषणात भयंकर दुखत होतं, उलटी झाली. लाजेपायी त्यानं फक्त "पोट दुखतंय" सांगितलं. पोटाची गोळी मिळाली. सकाळी पुन्हा तेच सांगितलं. दुपारी चालता येईना तेव्हा माझ्या बहिणीला फोन आला. शहरात नेईपर्यंत संध्याकाळ झाली. वृषणाला पीळ पडला होता, रक्तपुरवठा बंद होऊन ते निकामी झालं होतं. काढून टाकावं लागलं. दुसरं ठीक आहे, तो आता चांगला तरणाबांड आहे, डॉक्टर म्हणाले पुढे संसारात काही अडचण नाही. पण त्या पोराला जर कोणी कधी सांगितलं असतं की तिथं दुखलं तर तिथंच दुखतंय म्हणून सांगायचं, लाजायचं नाही, तर ते वाचलं असतं.

बालवैद्य_सांगली

मामा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. सगळ्यांनी हे घरातल्या मुलग्याला आजच सांगा: वृषणात अचानक जोराचं दुखणं, एका बाजूला सूज, ओटीपोटात कळ, उलटी, यातलं काही झालं की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठवायचं. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता खूप चांगली असते, मग ती झपाट्यानं कमी होते. बारा ते अठरा या वयात हे जास्त दिसतं. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही, गोळी देऊन झोपवायचं नाही, जवळच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात थेट जायचं. वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही हे माहीत असायला हवं.

स्वरसाधक

मी गाणं शिकवतो, म्हणून आवाजाबद्दल लिहितो. मुलग्याचा स्वरयंत्राचा भाग वाढतो, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. काळी चार-पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, खणखणीत गाणारा मुलगा काही महिन्यांत पांढरी एक या खालच्या पट्टीलाही चाचपडू लागतो. वरचा षड्ज लावायला गेला की आवाज फुटतो, वर्ग हसतो, आणि बरीच मुलं इथंच गाणं सोडतात. गुणी मुलं सोडतात याचं मला फार वाईट वाटतं.

पालकांना विनंती, या काळात स्पर्धा लावू नका. पट्टी उतरवायची, ताण न देता मंद्रात (खालच्या सप्तकात) थोडाच वेळ बसायचं, ताना थांबवायच्या, तोवर ताल आणि बंदिशी शिकायच्या, तबल्याला बसायचं. आवाज स्थिर व्हायला काहींना सहा महिने लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. मुलींचा आवाजही थोडा उतरतो आणि काही काळ त्यात हवा येते, त्यांच्याकडे लक्ष जात नाही इतकंच.

मुक्ता_नाशिक

डॉक्टर, एक विचारायचं आहे. आमच्या नात्यातल्या साडेसात वर्षांच्या मुलीला छातीत गाठ आली आहे. घरातले म्हणतात ब्रॉयलर कोंबडी आणि इंजेक्शन दिलेल्या म्हशीचं दूध, दोन्ही बंद करा म्हणजे जाईल. खरंच असं असतं का?

बालवैद्य_सांगली

आठ वर्षांच्या आत मुलीला स्तनवाढ किंवा नऊ वर्षांच्या आत मुलग्याला बदल दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. आहार बदलून वाट पाहण्यात वेळ जातो. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून जे ऑक्सिटोसिन टोचतात ते वेगळंच संप्रेरक आहे, आणि ते दुधातून पोटात गेलं तरी पचून जातं. ते टोचणं जनावरावर अन्याय आहे, पण मुलगी लवकर वयात येण्याचं कारण ते नाही. वजन जास्त असलेल्या मुलींमध्ये हे लवकर होतं, एवढं निश्चित. कोविडच्या काळात इटलीत आणि आपल्याकडेही अशा मुलींची संख्या वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं.

डॉक्टर डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतील, त्यावरून हाडांचं वय कळतं. रक्ताच्या तपासण्या, गरज वाटली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय. पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. उपचार लागले तर इंजेक्शनं असतात, त्यानं पुढची वाढ काही काळ थांबवता येते. हाडं लवकर पिकली, म्हणजे त्यांची वाढ लवकर पुरी झाली, तर मुलगी आज उंच दिसते आणि शेवटी बुटकी राहते, म्हणून हे महत्त्वाचं. मुलग्यात लवकर सुरू झालं तर आतलं काही कारण सापडण्याची शक्यता जास्त असते, तिथे आणखी तत्परता हवी.

उशिराचंही सांगून ठेवतो. मुलीला तेराव्या वर्षापर्यंत स्तनवाढ नाही, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी नाही, मुलग्याला चौदाव्या वर्षापर्यंत काहीच बदल नाही, तर दाखवा. मुलग्यांमध्ये बहुतेक वेळा घराण्याचाच उशीर असतो. बापाला विचारा, तो म्हणेल की मीही अकरावीत उंच झालो. उंचीची चिंता असेल तर आईबापांच्या उंचीची बेरीज करायची, मुलग्यासाठी त्यात १३ सेंटीमीटर मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे, आणि दोनानं भागायचं. हा नुसता अंदाज, पाच-सात सेंटीमीटर इकडे-तिकडे. डॉक्टरांकडे भारतीय बालरोग अकादमीचा २०१५ चा वाढीचा तक्ता मागा, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या मोजमापांवरून तयार केलेला. टीव्हीवरच्या उंची वाढवणाऱ्या पावडरीवर पैसे घालवू नका.

औषधविक्रेता

माझं औषधांचं दुकान आहे. पुटकुळ्यांसाठी येणारी आठवी-नववीची मुलं-मुली मैत्रिणीनं सांगितलेलं गोरं करणारं मलम मागतात. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि सोडलं की पुटकुळ्या दुप्पट. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, पण पुढच्या दुकानात मिळतं. पालकांनी मुलांच्या कपाटातली ट्यूब एकदा वाचून पाहा. चेहरा दोनदा साध्या साबणानं धुणं, फोडणं टाळणं आणि खूपच असतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे जाणं एवढं पुरे. त्यांच्या औषधांना सहा ते आठ आठवडे लागतात, मुलं दहा दिवसांत धीर सोडतात.

विशेष_आई

माझ्या मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे. तिचं मन पाच-सहा वर्षांच्या मुलीचं, पण शरीर वेळेवर वयात आलं. लोक मला गर्भाशय काढून टाका असा सल्ला द्यायचे, अगदी सहज. आम्ही पाळी यायच्या आधीच सराव सुरू केला होता: बाहुलीला पॅड लावणं, मग स्वतःच्या चड्डीला लावून घरात थोडा वेळ वावरणं, बाथरूममध्ये चित्रांचा तक्ता. आता ती स्वतः बदलते, गुंडाळून डब्यात टाकते आणि मला येऊन सांगते. अशा मुलग्यांच्या आयांनाही लिहायचंय, 'गुप्तांगाला हात लावणं फक्त आपल्या खोलीत, दार लावून' हा नियम लहानपणापासून शिकवा, आणि नको त्या स्पर्शाला 'नाही' म्हणून ओरडायलाही.

नाचणीभाकरी

खाण्याकडे थोडं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता, आणि त्याच वयाच्या ३१ टक्के मुलग्यांनाही. मुलग्यांचा आकडा बघून मी चकित झाले होते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं बाकाखाली टाकतात, ती घ्यायला लावा, जेवणानंतर. डाळ, उसळ, हळीव, पालेभाजी, वर लिंबू पिळून. चहा जेवणाबरोबर नको. हाडांसाठी नाचणी, तिच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आणि या वयात मुलग्याची भूक दुप्पट होते तशी मुलीचीही वाढते, तिच्या ताटात पोळी वाढताना हात आखडू नका.

कबड्डी_प्रशिक्षक

मी मुलींना शिकवते. दहा-अकराच्या वयात वीस मुली मैदानावर असतात, चौदाव्या वर्षी सहा उरतात. कारणं विचारली की छाती हलते म्हणून लाज, डाग पडेल ही भीती, पोटदुखी, आणि घरचे म्हणतात आता पुरे. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर उपाय आहेत, घट्ट बसणारी खेळाची ब्रा, गडद चड्डी, जादा पॅड. डॉक्टर, पाळीत खेळलं तर चालतं ना, हे तुम्हीच लिहा, माझ्यापेक्षा तुमचं पालक ऐकतील.

बालवैद्य_सांगली

चालतं, पळता येतं, पोहताही येतं. पुष्कळ मुलींचं पोट खेळल्यानं कमीच दुखतं. शेक घ्यावा, फार दुखत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यावी, त्यानं सवय लागत नाही की पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. पहिली दोन वर्षं पाळी पुढे-मागे होते, २१ ते ४५ दिवसांपर्यंत चालेल. तासाला एक पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल किंवा तीन महिने आलीच नाही, तर आणा.

सह्यकडा

मास्तर, तुम्हाला एक प्रश्न. मुलग्यांना मुलींच्या पाळीबद्दल वर्गात सांगता का? माझ्या मुलाला मी सांगितलंय, पण त्याच्या मित्रांच्या घरी विषयच निघत नाही.

शाळामास्तर_नंदुरबार

सांगतो, आणि मुलींनाही मुलग्यांच्या बदलांबद्दल ताई सांगतात. आधी वेगवेगळं बसवून, मग उजळणीला एकत्र. पूर्वी एखादीच्या ड्रेसवर डाग दिसला की मागच्या बाकावर खुसखुस व्हायची. आता एखादा मुलगा येऊन हळूच सांगतो, "सर, ताईंना बोलवा."

पण नुसतं बोलून भागत नाही. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, पाणी, झाकणाचा डबा आणि कार्यालयात मागता येतील असे पॅड, एवढं नसेल तर मुली त्या चार दिवसांत घरी राहतात, आणि घरी राहिलेली मुलगी हळूहळू शाळेतूनच जाते. मुलग्यांनाही आडोसा असलेली मुतारी लागते, त्यांच्यासाठी भिंत पुरते असं समजू नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं बहुमत असतं. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा आधी स्वच्छतागृह स्वतः पाहून या आणि हा विषय पालक म्हणून लेखी मांडा. आमच्याकडे चार आयांनी अर्ज दिला तेव्हा कडी आणि डबा त्याच महिन्यात आला, पाण्याच्या टाकीला मात्र आणखी पाठपुरावा लागला. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी इथेच लिहा, मी टाकतो.